पावणं, व्हिडिओ कुणासाठी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या सदरात ऑनलाइन व्हिडिओबद्दल आलेल्या पत्रांना उत्तरं देते ती मी पूर्वी राजारामपुरीत लग्नांच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचे. आता छोट्या धंदेवाल्यांना चॅनेल उभं करायला मदत करते. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं पत्र धाडणाऱ्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत. या खेपेला बरीच पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतात, आपला प्रेक्षक नेमका कोण, म्हणून ती एकत्र घेतली.

आमचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात धंदा आहे. सुभाषनगरात घरी काम चालतं, गावात छोटं दुकान आहे. चॅनेलवर चप्पल कशी बनते ते टाकतो, रंकाळ्याची संध्याकाळ टाकतो, मिसळ टाकतो, शाही दसरा टाकतो. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या चपलेवरून वाद पेटला तेव्हा रागाच्या भरात एक व्हिडिओ केला, तो तुफान चालला. त्यानंतर पुन्हा शुकशुकाट. एका शिबिरात सांगितलं, ‘आदर्श प्रेक्षक ठरवा.’ मी वहीत लिहिलं: वय १८ ते ४५, स्त्री-पुरुष दोन्ही, महाराष्ट्र, आवड संस्कृती. आता या ओळीचं करायचं काय?
– एक चप्पल कारागीर, सुभाषनगर

भाऊ, तुमच्या त्या ओळीत माझा भाचा बसतो, आमच्या बँकेच्या मॅनेजरबाई बसतात आणि अमरावतीकडचा एखादा कीर्तनकारही बसतो. या तिघांना समोर बसवून एकच व्हिडिओ दाखवायचा म्हटला तर काय दाखवाल? वय, लिंग, जिल्हा ही माहिती जाहिरात देणाऱ्याच्या कामाची. व्हिडिओ करणाऱ्याला तिच्यातून एकही निर्णय घेता येत नाही. पहिलं वाक्य काय बोलू, कुठला शॉट कापू, थंबनेलवर चप्पल ठेवू की वडिलांचे हात ठेवू, यातल्या एकाही प्रश्नाला ‘१८ ते ४५’ उत्तर देत नाही.

मी प्रेक्षक ठरवायला सांगते तेव्हा एक माणूस ठरवायला सांगते, आणि तो कुठल्या अडचणीत असताना फोन हातात घेतो तेही. त्यातही माणसापेक्षा अडचण मोठी.

हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही. लग्नाला हजार माणूस जेवून जायचं, पण कॅसेट पुन्हा पुन्हा लावणारी एकच असायची: नवरीची आई. दिवसभर ती मानपान, रुखवत आणि रुसलेले व्याही यांच्यामागं पळत असते. स्वतःच्या लेकीचं लग्न तिनं धड बघितलेलंच नसतं. म्हणून मी अंतरपाट, कन्यादान आणि पाठवणीला कात्री लावायचे नाही आणि नवरदेवाच्या दोस्तांचा वरातीतला नाच निम्मा उडवायचे. दोस्त मंडळी कुरकुरायची. पण पुढच्या लग्नाची ऑर्डर त्या आईच्या बहिणीकडूनच यायची.

तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे, कारण तुमच्याकडं दुकानाचं काउंटर आहे. महिनाभर एक वही गल्ल्याशेजारी ठेवा. गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारून लिहायचं नाही. ‘ही चावणार नाही ना?’ ‘पावसात घातली तर?’ ‘हातची आणि मशीनची कशी ओळखायची?’ ‘शूजचा नऊ नंबर, मग हिचा किती?’ ‘करकर वाजणारी आहे का?’ ‘ऑनलाइन तर निम्म्यात दिसते, तुमची एवढी का?’ व्हॉट्सॲपवर येणारी विचारणाही त्याच वहीत. महिन्याअखेरीला वही उघडली की बहुतेक प्रश्न दोन-तीन तऱ्हेच्या माणसांचेच आहेत हे दिसेल.

मी दुकानात न बसताही अंदाज बांधते. एक, अंबाबाईचं दर्शन उरकून चप्पल लाइनला आलेला प्रवासी, ज्याच्याकडं तासभर आहे आणि गाडीत मंडळी खोळंबलीत. दोन, डिझाइन किंवा चामड्याचं काम शिकणारी मुलं. तीन, लग्न ठरलेला मुलगा. हा हिंजवडीत नोकरीला आहे, एरवी बारा महिने स्पोर्ट्स शूज घालतो. लग्नात धोतर किंवा पैठणी काठाचा कुर्ता घालायचा ठरलंय आणि पायांत कोल्हापुरीच हवी. रात्री अकराला खोलीवर पडून तो चपला बघतोय. त्याला तीन भीत्या आहेत: खोटी गळ्यात पडेल, नंबर चुकेल, आणि ऐन हळदीच्या दिवशी पाय सोलवटेल.

माझं मत विचाराल तर तिसरा धरा. प्रवासी दुकानात आलेलाच असतो, त्याला व्हिडिओची गरज नाही. शिकणारी मुलं कौतुक करतील, कमेंट लिहितील, चप्पल मात्र क्वचित घेतील. (तुम्हाला पुढंमागं कार्यशाळा भरवायच्या असतील तर मी मत बदलीन.) नवरदेवाला प्रश्न आहे, त्याच्याकडं मुहूर्ताची तारीख आहे आणि खिशात पैसे काढून ठेवलेत. शिवाय तो एकटा नसतो, भाऊ आणि करवलेही त्याच्यासोबत घेतात.

आता तुमचा चपलेच्या वेणीचा व्हिडिओ. मी पूर्ण बघितला. सुरुवातीला हलगीवर तुमचा लोगो फिरतो, मग मंदिराचं शिखर, मग रंकाळा, मग तुम्ही हात जोडून ‘नमस्कार मंडळी’. तोवर नवरदेव दुसऱ्याच व्हिडिओवर गेलेला असतो. पुढं तुमचे वडील मांडी घालून बसलेत, बकऱ्याच्या चामड्याच्या सुतासारख्या पातळ पट्ट्या त्यांच्या बोटांतून अशा सरकतात की वेणी आपसूक पडत चाललीय असं वाटावं. सुंदर आहे ते. पण खरा ऐवज त्याच्याही नंतर आहे. चौथ्या मिनिटाच्या आसपास ते चप्पल उलटी करतात, कडेनं अंगठा दाबत नेतात आणि सहज बोलून जातात, ‘खिळा हाय का बघा कुठं. सगळी वादीची शिवण.’ तेवढ्यावर तुम्ही पार्श्वसंगीत घातलंय, त्यामुळं शब्द नीट ऐकूही येत नाहीत!

तोच अंगठा उचलून पहिल्या सेकंदाला आणा. संगीत काढा. त्यावर तुमचा आवाज: ‘लग्नासाठी कोल्हापुरी घेताय? आधी ती अशी उलटी करून बघा.’ लोगो बाद. शिखर आणि रंकाळा बाद. त्यानंतर म्हशीच्या चामड्याचा तळ, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावल्यामुळं येणारा तो रंग, पाणी लागलं की हे चामडं का बिघडतं, आणि मुहूर्ताच्या किती दिवस आधीपासून तेल लावून घरात घालायला लागायचं, ते सांगा. नंबरासाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं गिरवून दाखवा. वडिलांची वेणी राहू द्या, पण या सगळ्याच्या मधे, ‘किंमत का जास्त’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून. तिथं ती दुप्पट कामाची होते.

नावही बदलेल. ‘आमची परंपरा, आमचा अभिमान’ असं शीर्षक टाइप करून कुणी शोधत नाही. फोनवर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढंच लिहून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते वाचा. मराठीत लिहून बघा, इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. दुकानातल्या वहीशी ताडून बघा. तिथं तुम्हाला शीर्षकं सापडतील.

प्राडाचं म्हणाल, तर जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये त्यांच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गावात जो तो त्यावर बोलायला लागला. तुमचा व्हिडिओ ज्यांनी बघितला ते भांडण बघायला आले होते. भांडण मिटलं, ते गेले. तुमचे पुढचे व्हिडिओ यूट्यूबनं त्यांच्यापुढं ठेवून पाहिलेच असणार, पण वेणी कशी घालतात यात त्यांना रस नव्हता. व्हिडिओ पुढं करताना नुसत्या क्लिकपेक्षा माणूस किती वेळ बघतो याला यूट्यूब २०१२ पासून वजन देतंय. लोकांनी तोंड फिरवलं की तेही हात आखडतं. त्यामुळं त्या एका व्हिडिओला मोजमाप धरू नका. त्या विषयावर पुन्हा बोलायचंच असेल तर नवरदेवाच्या बाजूनं बोला: २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडं बेळगाव (अथणी त्यातच आली), धारवाड, बागलकोट, विजापूर. ‘अथणीची म्हणजे खोटी का हो?’ असं विचारणाऱ्याला याचं उत्तर हवं असतं. आपल्याला बोलायला थोडं जड जातं, पण बोला. त्यानं भरवसा बसतो.

रंकाळा आणि मिसळ सोडायची का? या चॅनेलवरून, हो. फार तर खरेदीला कोल्हापूरला येणाऱ्यासाठी एक व्हिडिओ करा: गाडी कुठं लावायची, किती वाजता दुकानं रिकामी असतात, जेवायला कुठं थांबायचं. त्यात मिसळ येऊ द्या की.

आठ-दहा व्हिडिओ असे झाले की यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलवाल्याला त्याचे आकडे दाखवणारी यूट्यूबची जागा, उघडा. ऑडियन्सच्या पानावर नवे किती, अधूनमधून येणारे किती आणि नेहमीचे किती ते दिसतं, भूगोलात शहरं दिसतात. प्रत्येक व्हिडिओच्या रिटेन्शनच्या आलेखात तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक टिकले तेही लिहिलेलं असतं. बघणारे कमी असतील तर यातले काही रकाने कोरे राहतात, घाबरायचं नाही, तेव्हा कमेंट आणि दुकानातली वही पुरते. कदाचित असं दिसेल की नवरदेव येतच नाहीये, त्याची होणारी बायको येतेय, कारण खरेदी तिच्या हातात आहे. मग माणूस बदला. अडचण तीच राहते, फक्त ‘तुमच्या पायाला’ऐवजी ‘त्याच्या पायाचं माप त्याला न विचारता कसं घ्यायचं’ असा व्हिडिओ होतो. आणि हा व्हिडिओ मलाही बघायला आवडेल.

मी निवृत्त शिक्षिका. शिवाजी पेठेत राहते. स्वयंपाकाचं चॅनेल सुरू केलंय. मला वाटलं होतं, नव्यानं संसाराला लागलेल्या मुली बघतील. पण भाचीनं आकडे दाखवले तर निम्म्याहून अधिक २५ ते ३४ वयाचे पुरुष! आणि भाची म्हणते, हिंदीत बोल, मराठीला मर्यादा आहेत. आता या वयात काय बदलू?
– एक काकू, शिवाजी पेठ

काकू, आधी त्या पुरुषांचं बघू. ते कोण असावेत याचा तुम्हाला खरंच पत्ता नाही? शिवाजी पेठेतली निम्मी पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला आहेत. रविवार आला की त्यांना घरच्या रश्श्याची आठवण येते, आईला फोन करून विचारावं तर ती ‘अंदाजानं घाल की’ म्हणते. तुम्हीही तेच म्हणता. पांढऱ्या रश्श्याच्या व्हिडिओत खसखस ‘थोडी’, नारळाचं दूध ‘लागेल तसं’ आणि मीठ ‘चवीपुरतं’. नव्या सुनेला शेजारी सासू असते, या पोराच्या शेजारी फक्त रूममेट असतो.

तेव्हा या पोरालाच धरा. त्याच्याकडं एक कुकर, एक कढई, एक लहान मिक्सर. पाटा-वरवंटा नाही. घरात वर्षाची कांदा-लसूण चटणी भरून ठेवलेली नाही, मग तांबड्या रश्श्याला ती नसेल तर काय घालायचं ते त्याला सांगायलाच हवं. अर्धा किलो मटणाचं प्रमाण द्या, सहा माणसांचं नको. खसखस महाग पडते, तीळ आणि काजूवर भागतं का, ते सांगा. आणि जिथं तो हमखास फसतो तिथं थांबा: नारळाचं दूध घातल्यावर त्यानं गॅस मोठा ठेवला, खळखळ उकळी आली आणि रस्सा फुटला. तुमच्या व्हिडिओत तो क्षण कापलेला आहे. दूध घातलं, आणि पुढच्या शॉटला वाटी तयार! त्या मधल्या दोन मिनिटांत कॅमेरा पातेल्यावरच राहू द्या. ज्योत दाखवा, कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद करताना तुमचा हात दाखवा. जमलं तर एकदा मुद्दाम फोडून दाखवा, म्हणजे फुटलेला कसा दिसतो ते त्याला कळेल.

हिंदीचं मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून जास्त होते. तुम्हाला त्यातले काही हजार पुरे आहेत. आणि ज्याला ‘बाळा, घाई करू नकोस’ हे ऐकायचंय त्याला ते तुमच्याच बोलीत ऐकायचंय. शाळेत शिकवताना बोलायचात ते प्रमाण मराठीसुद्धा थोडं सैल करा, घरात बोलता तसं बोला.

भाचीला फारच वाटत असेल तर हिंदी वेगळं करा, एकाच व्हिडिओत दोन्ही कालवू नका. प्रभातवाले इथं कोल्हापुरात होते तेव्हा १९३२ साली त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत केला आणि हिंदीतही वेगळा केला. तेव्हा डबिंगची सोय नव्हती म्हणून तो खटाटोप, हे खरं. आज त्याच व्हिडिओला दुसऱ्या भाषेचा ऑडिओ ट्रॅक जोडता येतो. पण ते सगळं नंतर. आधी त्या पोराचा रविवार नीट पार पाडा.

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. व्हीएमसी (धातू कापायचं संगणकावर चालणारं मशीन) चालवायला शिकवणारे व्हिडिओ मराठीत टाकतो. एकेका व्हिडिओला तीनशे-चारशे लोक. मुलगा म्हणतो, ‘पप्पा, कॉमेडी करा, यात काय नाय.’
– एक मशीन शॉपवाले, उद्यमनगर

मुलाला सांगा, तीनशे-चारशे माणसं मशीनसमोर उभी केली तर तुमच्या शेडमध्ये मावणार नाहीत.

तुमचा प्रेक्षक मला तर अगदी डोळ्यांपुढं दिसतो. आयटीआय करून नुकताच लागलेला पोरगा, रात्रपाळी, सुपरवायझर घरी गेलाय, स्क्रीनवर अलार्म आला आणि मशीन थांबलं. तो काय शोधेल? ‘व्हीएमसी मराठी भाग १७’ नक्कीच नाही. तुमच्या एकाही व्हिडिओच्या शीर्षकात त्याची अडचण नाही. ‘टूल बदलल्यावर जी ४३ चा ऑफसेट कसा घ्यायचा’, ‘जी ५४ सेट केला तरी जॉब सरकतोय, काय तपासायचं’ अशी शीर्षकं द्या (जी ४३, जी ५४ हे मशीनला द्यायचे हुकूम). कंट्रोल कुठल्या कंपनीचा तेही शीर्षकात घाला, कारण फॅनकवर काम करणारा सीमेन्सचा व्हिडिओ उघडत नाही. उत्तर पहिल्या मिनिटात द्या, कारण तो उभ्यानं बघतोय आणि मशीन बंद आहे. कारणमीमांसा नंतर. स्टुडिओत ट्रॅफिक सोर्सच्या पानावर ‘यूट्यूब सर्च’चा वाटा बघत राहा. तुमच्या बाबतीत तो वाढला की समजायचं, नेम बसतोय.

पैशाचं गणितही मांडते, म्हणजे मुलाशी बोलता येईल. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघणं व्हावं लागतं. चारशे जणांनी सहा-सहा मिनिटं बघितलं तर एका व्हिडिओचे ४० तास झाले, म्हणजे असे शंभर व्हिडिओ. लांबचा पल्ला आहे. पण अडचणीवरचा व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधला जातो, त्या आठवड्यापुरता चालून संपत नाही. आणि तुमच्या धंद्यात जाहिरातीपेक्षा जॉबवर्कची एक ऑर्डर मोठी. इचलकरंजीच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या कारखानदारानं बघून फोन केला, की झालं. पण मग व्हिडिओखाली दुकानाचा पत्ता तरी लिहा! तोच नाहीये.

माझा सीटीआर ४ टक्के आहे. वाईट का? (साड्यांचं दुकान, गांधीनगर)

नाही. सीटीआर म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं तो आकडा. निम्म्या चॅनेलांचा तो २ ते १० टक्क्यांतच असतो असं खुद्द यूट्यूब सांगतं. तुमच्याच जुन्या व्हिडिओंशी तुलना करा, दुसऱ्यांशी नको.

‘तुम्ही आमचं सबस्क्राइब करा, आम्ही तुमचं करतो’ असा एक ग्रुप आहे. जॉइन होऊ? (विद्यार्थी, कसबा बावडा)

नको. नियमात बसत नाही, ही एक गोष्ट. दुसरी, त्या ग्रुपमधल्या एकालाही तुमचं शेतीचं चॅनेल बघायचं नाही. आकडा वाढेल आणि नवीन व्हिडिओ टाकलात की त्या आकड्यातलं कुणी फिरकणार नाही. पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर लिंक टाकण्याबद्दलही माझं असंच मत आहे, फक्त ते आत्याला सांगायची जबाबदारी तुमची.

मी पेठांतल्या फुटबॉलवर चॅनेल चालवतो. शाहू स्टेडियममधल्या गोलांचे शॉर्ट्स लाखात जातात. तोच सामना मी वीस मिनिटं नीट समजावून सांगतो, तर पन्नास माणसं. लोकांना खोल काही नकोच आहे का?
– एक फुटबॉलवेडा, मंगळवार पेठ

लोकांना नावं ठेवण्याआधी आकड्याकडं नीट बघा. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरतात. अंगठ्यानं वर ढकलून पुढं गेलेला माणूसही तुमच्या लाखात आहे. किती जणांनी खरंच बघितलं ते स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’मध्ये वेगळं दिसतं, तो आकडा धरून बोला. आणि शॉर्ट्सच्या फीडमधले तास जाहिरातीच्या पैशासाठी लागणाऱ्या त्या ४००० तासांत धरत नाहीत. शॉर्ट्सच्या वाटेनं जायचं तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात.

शॉर्ट बघणारा आणि वीस मिनिटं बसणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. गोल बघून खूश होणाऱ्याला कोल्हापूरशी, पेठेशी, तालमीशी (म्हणजे पेठेतल्या संघाशी) काही देणंघेणं असेलच असं नाही. तो उद्या मांजराचा व्हिडिओही तेवढ्याच आनंदानं बघेल. वीस मिनिटं कुणासाठी आहेत ते तुम्ही ठरवलेलंच नाही. गॅलरीत बसून ओरडलेल्यासाठी असतील, तर त्यानं सामना बघितलाय, आणि सामन्यानंतर कट्ट्यावर तुमच्यापेक्षा जोरात समजावून सांगणारे चार जण त्याला भेटतात.

माझ्या डोळ्यांसमोर दोन माणसं येतात. एक, पेठेत वाढलेला आणि आता नोकरीसाठी पुण्यात किंवा दुबईत असलेला. लहानपणी कुंपणावरून उड्या मारून सामने बघितलेत, आज तिथं नाही. त्याला निकाल फोनवर कळलेला असतो. त्याला हवं असतं ते वातावरण: कुठल्या कडेला कुणाची पोरं बसली होती, पेनल्टीच्या आधी गॅलरी गप्प कशी झाली, नवा खेळाडू कुणाचा पोरगा. हे तुमच्या व्हिडिओत कुठंच नाही, तुम्ही चार-तीन-तीनच्या आकृत्या काढत बसता. दोन, बारा-तेरा वर्षांच्या पोराचा बाप, ज्याला पोराला फुटबॉलला घालायचंय पण कुठं, कधी, किती खर्च, अभ्यासाचं काय, हे कळत नाही. त्याच्यासाठी सामन्याचं विश्लेषण नकोच, पूर्ण वेगळं चॅनेल होईल. दोघांना एका चॅनेलवर बसवू नका.

मी तुमच्या जागी असते तर परगावी असलेला धरला असता, कारण तो सामना चुकला म्हणून हळहळतोय आणि त्याच्यासाठी हे काम दुसरं कुणी नीट करत नाहीये. व्हिडिओ सामन्याच्या रात्रीच टाका, दुसऱ्या दिवशी त्याचं गावातल्या मित्रांशी बोलून झालेलं असतं. वीस मिनिटांऐवजी आठ-नऊ मिनिटं. शॉर्टमध्ये गोल पूर्ण दाखवू नका असं मी म्हणणार नाही, लोक चिडतात. गोल दाखवा आणि पूर्ण व्हिडिओची लिंक जोडा, स्टुडिओत ‘रिलेटेड व्हिडिओ’ म्हणून ती सोय आहे.

एक भानगड मात्र सांभाळा. परगावचा प्रेक्षक कुठल्या तालमीचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तुम्ही कुठल्या तालमीचे हे मला तुमच्या दुसऱ्याच व्हिडिओत कळलं. समोरच्या संघाचा गोल झाला की तुमचा आवाज बसतो. एक तर उघड सांगून टाका की हे आमच्या तालमीचं चॅनेल आहे, मग निम्मं गाव बाजूला होईल पण उरलेलं निम्मं पक्कं बसेल. नाहीतर दोन्हीकडच्या गोलाला सारखंच ओरडा. दोन्ही चालतं. कुठली तालीम ते मी इथं लिहीत नाही, मला याच गावात राहायचंय. आणि स्टेडियममध्ये कॅमेरा नेण्याआधी स्पर्धेच्या आयोजकांची लेखी परवानगी घ्या. तिच्याशिवाय वरचं सगळं एका तक्रारीत उतरवलं जाईल.